साडेचारची शेवटची गाडी : कलावंत, कार्यकर्ती आणि माजी विद्यार्थी यांच्याशी झालेल्या संवादांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा, आणि विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे. त्यांतले बरेच जण घरातून महाविद्यालयात पोचलेले पहिलेच. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

नॅक, म्हणजे महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग तपासला जात आला आहे आणि त्यांचा नोंदणीकृत संघ आहे का हे विचारलं जात आलं आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी संघ कागदावर असतो आणि वर्षातून एकदा स्नेहमेळावा भरतो. इथल्या संघाला त्यापलीकडे काही करायचं होतं. समाज बदलण्याचं काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसांशी विद्यार्थ्यांचं बोलणं घडवायचं, वर्षात तीन वेळा, असं ठरलं. एक शाहीर, एक ऊसतोड महिला कामगारांमध्ये काम करणारी कार्यकर्ती आणि एक माजी विद्यार्थी. तिन्ही कार्यक्रमांना मिळून पंचेचाळीस हजार रुपये बाजूला काढले.

पहिला कार्यक्रम २४ सप्टेंबरला ठेवला. १८७३ साली याच तारखेला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि १९६९ पासून हाच राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. सत्यशोधक जलशांनी तमाशाचं अंग घेऊन गण, गवळण, बतावणी, वग या चौकटीतून शिक्षणाचा आणि समतेचा विचार खेडोपाडी नेला. तीच वाट पुढे आंबेडकरी जलशांनी चालवली. त्या परंपरेतला शाहीर त्या दिवशी बोलावणं हा विचार चांगलाच होता.

पहिल्या कार्यक्रमात काय बिघडलं

शाहिरांना दीड तास दिला होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचयाची दोन पानं, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि अध्यक्षीय मनोगत यांतून त्यांच्या वाट्याला जेमतेम पस्तीस मिनिटं आली. माइक एकच, तोही पोडियमला बसवलेला. शाहीर डफ घेऊन उभे राहिले तेव्हा डफाचा आवाज माइकवर चढला आणि शब्द बुडाले. डफ बंद खोलीत माइकपासून लांब धरावा लागतो आणि गाणाऱ्याला गळ्यातला किंवा हातातला माइक वेगळा द्यावा लागतो. आदल्या दिवशी दहा मिनिटं आवाज तपासला असता तर हे लगेच कळलं असतं.

सभागृह भरलेलं होतं, कारण तास बंद ठेवून हजेरी सभागृहातच घेतली होती. प्रश्न तीन आले. दोन प्राध्यापकांचे होते, त्यांतला एक प्रश्नापेक्षा भाषणच होता. तिसरा एका विद्यार्थ्याचा : "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?" शाहिरांनी तो आजवर किती वेळा ऐकला असेल. त्यांनी मनापासून उत्तर दिलं, आभार झाले, फोटो झाला. अहवालात कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची नोंद झाली.

संघातल्या दोघातिघांना हे खटकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही. कार्यक्रम कसा वाटला हेही लिहायचं नाही. एवढंच लिहायचं : काल काय विचारायचं होतं आणि विचारलं नाही?

चिठ्ठ्यांमध्ये जे आलं ते सभागृहात कुठेच नव्हतं. "गाणं चांगलं आहे, पण तुमचं घर कशावर चालतं?" "आमच्या जत्रेत डीजे लागतो. तुम्हाला आता कोण बोलावतं?" "तुमच्या पार्टीत मुली आहेत का? त्यांच्या घरचे रात्रीचं सोडतात का?" आणि निळ्या शाईत, शाहिरांशी काहीच संबंध नसलेली एक चिठ्ठी : "शेवटची गाडी साडेचारची. प्रॅक्टिकल सव्वापाचला सुटतं. रोज अर्धवट सोडून जाते. हे कोणाला सांगायचं?"

ही चिठ्ठी बाजूला ठेवली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. ती विषयाला धरून नव्हतीच. पण पुढे जे काही झालं ते तिच्यामुळे झालं.

समोर असलेले पर्याय

संघाच्या बैठकीत चार मतं पडली.

पहिलं मत : व्याख्यानमाला आहे तशी चालवावी, फक्त पाहुणे मोठे आणावेत. महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. पण तिथला श्रोता आपल्या पायाने येतो आणि कंटाळला तर उठून जाऊ शकतो. हजेरीसाठी बसवलेल्या मुलांपुढे नामवंत पाहुणा आणला तरी प्रश्न येतीलच असं नाही. उलट पाहुणा जितका मोठा तितका विद्यार्थी गप्प.

दुसरं मत परिसंवादाचं होतं. तिन्ही पाहुणे एकाच दिवशी आणायचे. प्रवासखर्च वाचतो. पण व्यासपीठावर तिघे बसले की ते एकमेकांशी बोलतात, विद्यार्थी आणखी मागे जातो.

तिसरं मत सर्वांत परखड होतं आणि ते नीट ऐकलं गेलं हे या संघाचं कौतुकच. कार्यक्रम बंद करा, पैसे परीक्षा शुल्क भरू न शकणाऱ्या मुलांना द्या, असं एका माजी विद्यार्थ्याचं म्हणणं होतं. त्याने हिशेबाची वही उघडून दाखवली : फ्लेक्स, हार, शाली, श्रीफळं आणि फोटो यांवर झालेला खर्च शाहिरांच्या मानधनापेक्षा जास्त होता. या एका नोंदीने बैठकीचा सूर बदलला.

चौथं मत होतं लहान गोलात बोलायचं, प्रश्न आधी तयार करायचे आणि पाहुण्यांना आधी पाठवायचे. हे स्वीकारलं गेलं. सत्कार आणि फ्लेक्स पूर्ण बंद झाले आणि वाचलेली रक्कम परीक्षा शुल्काच्या मदतीकडे वळवली. पाहुण्यांचं मानधन मात्र कमी केलं नाही. ते योग्यच झालं. कलावंत आणि पूर्णवेळ कार्यकर्ते यांच्या वेळेची किंमत शालीने भागवायची सवय आपल्याकडे फार आहे.

प्रश्नांची खोली

दुसऱ्या संवादाआधी आठवडाभर एक वेगळी बैठक ठेवली : दीड तास, साठ विद्यार्थी, सहा-सहा जणांचे दहा गट. येणं ऐच्छिक, हजेरी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तासांचं नियमित काम करायचं असतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ठरवलं की संवाद ऐकत बसण्याचे तास मोजायचे नाहीत, त्यानंतरच्या पाठपुराव्याचे मोजायचे. छोटी वाटणारी ही गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण प्रमाणपत्रापुरते येणारे गळले आणि काम करणाऱ्यांना त्याचं काही मिळालं.

प्रश्नासाठी तीन अटी होत्या. प्रश्नात "मी", "आमच्या घरी" किंवा "आमच्या गावात" यांपैकी काही यायलाच हवं. पाहुण्यांची माहिती फोनवर शोधून ज्याचं उत्तर मिळतं तो प्रश्न बाद. आणि "तरुणांना काय संदेश द्याल" बाद. प्रत्येक गटाने पाच कार्डं लिहायची, आपसांत वाचायची, दोन ठेवायची. त्या वीस कार्डांतून सर्वांनी मिळून तीन निवडायची. ती चार दिवस आधी पाहुण्यांकडे जातात, म्हणजे पाहुण्यांना विचार करायला वेळ मिळतो आणि ठरलेलं भाषण घरी ठेवून यावं लागतं.

सुरुवातीला यात एक चूक हमखास होते. गटातला सगळ्यांत चुणचुणीत मुलगा पाचही कार्डं लिहून टाकतो. म्हणून पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एकट्याने आपलं कार्ड लिहायचं आणि मगच वाचन, असा नियम केला.

सर्वांत अवघड निर्णय : कार्यकर्तीला बोलवायचं का?

डिसेंबरमध्ये ऊसतोड महिला कामगारांमध्ये काम करणाऱ्या ताई येणार होत्या. त्या वेळी गळीत हंगाम ऐन भरात असतो. वर्गातल्या काही मुलांचे आई-वडील कोयत्यावर गेलेले, घरी आजी आणि धाकटी भावंडं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडालं तर खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीत सुट्टी घेतली की खाडा, हा हिशेब त्या प्रश्नाच्या मुळाशी होता.

अडचण अशी की संस्थेचे एक पदाधिकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर होते. प्राचार्यांनी काळजी बोलून दाखवली. तीन वाटा होत्या : पाहुणी बदलायची, विषय "महिला सक्षमीकरण" असा गुळगुळीत करायचा, किंवा पदाधिकाऱ्यांना आधीच सगळं सांगायचं.

संघाने तिसरी वाट घेतली. एका पानाचं टिपण नेऊन दिलं : पाहुण्या कोण, विद्यार्थ्यांनी निवडलेले तीन प्रश्न कोणते, कोण उपस्थित असेल, पत्रकारांना निमंत्रण नाही. पदाधिकाऱ्यांनी दोन गोष्टी मागितल्या : चित्रीकरण नको आणि खाड्याचा प्रश्न नको. पहिली मान्य केली. दुसरी मान्य केली नाही. तो प्रश्न विद्यार्थ्यांनी निवडलेला आहे, तो काढायचा तर त्यांना समोर बसवून कारण सांगावं लागेल, असं प्राचार्यांनीच सांगितलं. प्रश्न राहिला. चित्रीकरण नसल्याचा फायदा पुढे असा झाला की मुली मोकळेपणाने बोलल्या. पण हे विचारपूर्वक ठरवलेलं नव्हतं, आपोआप घडलं. यापुढे मात्र ते मुद्दाम ठरवायला हवं.

त्या दिवशी एक चूक झाली, तीही चांगल्या हेतूने. बोलता बोलता ताईंनी विचारलं, "इथे किती जणांचे आई-बाबा ऊसतोडीला जातात?" खोली स्तब्ध झाली. हात वर आला नाही. मग मागून एक हात अर्धा वर आला आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. त्या मुलीने हात खाली घेतला आणि पुढचा अर्धा तास वहीत मान घातली. घरची गरिबी, जात किंवा आई-वडिलांचं काम यांबद्दल हात वर करायला लावायचं नाही, हे पाहुण्यांना आधी सांगायला हवं होतं. प्रश्न पाठवताना चार ओळींची सूचनाही पाठवली असती तर हे टळलं असतं. माहिती हवीच असेल तर चिठ्ठी आहे.

ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी नंतर सगळ्यांपुढे बोलणं थांबवून गटागटांत बसायला सांगितलं. तिथे चार मुली बोलल्या. त्यांचा प्रश्न खाड्याचा नव्हता. हंगामात घरी मोठं माणूस नसतं, मग शिक्षण कसं टिकवायचं हा होता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतं, हे त्यांपैकी एकीलाच ठाऊक होतं. उरलेल्या तिघींच्या घरी ओळखपत्रच काढलेलं नव्हतं. आई-वडील परत येईपर्यंत काय करता येईल याची यादी त्याच दिवशी लिहून घेतली. पाहुण्यांचा फोन नंबर थेट विद्यार्थिनींना न देता एका प्राध्यापिकेमार्फत संपर्क ठेवायचा, हेही तिथेच ठरलं.

माजी विद्यार्थी कोण?

तिसऱ्या संवादासाठी आधी परदेशातल्या एका अभियंत्याचं नाव पुढे होतं. पण निळ्या शाईतली चिठ्ठी कोणीतरी जपून ठेवली होती. प्रश्नांच्या बैठकीत ती पुन्हा वाचली गेली तेव्हा नऊ गावांच्या मुली त्याच गाडीच्या निघाल्या. मग माजी विद्यार्थ्यांच्या यादीत एसटीत कोण आहे हे शोधलं. एक जण सापडले. याच महाविद्यालयातून पदवी घेतलेले, शेजारच्या आगारात वाहतूक नियंत्रक. त्यांना यापूर्वी कधीच बोलावलं गेलं नव्हतं.

त्या संवादाला टाळ्या कमी आणि टिपणं जास्त होती. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास, विद्यार्थ्यांना मासिक पासात सवलत, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. भाड्याचा प्रश्न बराच सुटलेला. पण वेळेला गाडीच नसेल तर सवलतीचा काय उपयोग? त्यांनी गाडी का नाही हे समजावून सांगितलं. फेरीचा निर्णय भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर, आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नावर होतो. सव्वापाचनंतर सोडलेली गाडी जाताना भरून जाईल, पण येताना रिकामी येईल. त्या रिकाम्या परतीमुळे फेरी तोट्यात जाते. यावर जुना उपाय मुक्कामी गाडीचा : संध्याकाळी गाडी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी प्रवासी घेऊन परत येते. त्यासाठी चालक-वाहकाला झोपायला खोली, पाणी आणि स्वच्छतागृह गावाने द्यावं लागतं.

अर्जाबद्दलही ते स्पष्ट बोलले. "आमची गैरसोय होते" असं लिहिलेला अर्ज आगारात फाइलला लागतो. थांब्यागणिक रोजचे प्रवासी किती, त्यांत पासधारक किती, सकाळी परतीला किती जण मिळतील आणि गावात मुक्कामाची सोय कुठे, हे लिहिलं तर निर्णय घेता येतो. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना, पोच घ्यायची.

काय केलं गेलं

पहिला अर्ज घाईत गेला. साडेचारची गाडी पावणेसहाला सोडा, एवढीच मागणी. चारच दिवसांत आठवडे बाजाराला आणि दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी हरकत घेतली. त्यांना अंधाराच्या आत घर गाठायचं असतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मुलींनी अर्ज मागे घेतला आणि मुक्कामी गाडीची मागणी तयार केली. यात तीन आठवडे गेले.

दरम्यान माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि त्या मार्गावरच्या संध्याकाळच्या फेऱ्यांचं तीन महिन्यांचं उत्पन्न आणि भारमान मागितलं. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं. त्यामुळे पुढच्या बोलण्यात दोन्ही बाजूंकडे एकच आकडे होते.

गावाकडून खोली मिळवायची तर ठराव हवा. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली होती. इथे शाहिरांना पुन्हा बोलावलं, या वेळी पाहुणे म्हणून नव्हे, शिकवायला. दोन दिवसांत विद्यार्थ्यांनी बारा मिनिटांचा खेळ उभा केला. गण, मग बतावणी आणि वगाच्या जागी एक घरगुती प्रसंग : आई म्हणते प्रॅक्टिकल सोड पण साडेचारची गाडी पकड, मुलगी म्हणते जर्नलवर सही होणार नाही. भांडण टोकाला गेलं की खेळ थांबवायचा आणि पारावरच्या लोकांना विचारायचं, आता काय करावं? ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात प्रेक्षकाला नाटकात ओढून घेण्याची ही रीत रुजवली. ती जलशाच्या बतावणीला सहज जोडली गेली, कारण सवाल-जवाब आपल्या मातीत आहेतच.

खेळ २५ तारखेच्या संध्याकाळी पारावर झाला. खेळ थांबला तेव्हा आधी पोरंच ओरडली, "होस्टेलला राहा!" मग एका आजोबांनी विचारलं, "मुक्कामी गाडी आली तर डायवर-कंडक्टर झोपणार कुठं?" आणि त्यांच्या शेजारच्या बाईंनी उत्तर दिलं, "समाजमंदिरामागची खोली बंदच हाय की. कुलूप कुणाकडं हाय ते विचारा." दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव आला तेव्हा खोलीचा प्रश्न आधीच बोलून झालेला होता. खोलीला दिवा आणि नळजोड देण्याचं ठरावात लिहून घेतलं. शेजारच्या गावाच्या ग्रामसभेत मात्र विषय पुढे ढकलला गेला. तिथे खेळ केलाच नव्हता, नुसतं पत्र दिलं होतं.

परिणाम

जूनमध्ये नवं सत्र सुरू होताना एका गावाला मुक्कामी गाडी मिळाली. ती पावणेसहाला तालुक्याहून सुटते. वाटेवरच्या पाच गावांच्या मुली प्रॅक्टिकल पूर्ण करून जातात. दोन गावांच्या मुलींना फाट्यापासून अजून चालावं लागतं आणि पावसाळ्यात ते अवघड आहे. उरलेली दोन गावं दुसऱ्या रस्त्यावर आहेत, त्यांना काहीच मिळालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्रवासी घटले म्हणून फेरी बंद झाली आणि सुट्टी संपल्यावर आपोआप सुरू झाली नाही. पुन्हा अर्ज करावा लागला.

वसतिगृहाच्या बाबतीत तिघींची ओळखपत्रं निघाली. एकीला प्रवेश मिळाला, दोघींच्या घरच्यांनी पाठवायला नकार दिला. तो नकार कागदपत्रांनी सुटणारा नाही. त्यासाठी आईशी बोलायला हवं आणि आई हंगामात फडावर असते.

काय वेगळं करता आलं असतं

चिठ्ठ्या पहिल्या कार्यक्रमाच्या आधी वाटायला हव्या होत्या. दोन महिने तिथेच वाचले असते. अर्ज लिहिण्यापूर्वी साडेचारच्या गाडीत बसून आणखी कोण प्रवास करतं हे दोन दिवस पाहायला हवं होतं. ज्याच्या सोयीवर आपली मागणी उभी राहणार आहे, त्याला आधी भेटायचं असतं. दुसऱ्या रस्त्यावरच्या दोन गावांसाठी वेगळा अर्ज करायला हवा होता; एकाच अर्जात नऊ गावं घातल्यामुळे ती मागे पडली.

सर्वांत मोठी उणीव पाठपुराव्याची. तिसऱ्या वर्षाची मुलं मे महिन्यात निघून गेली आणि दिवाळीनंतर फेरी बंदच राहिली तेव्हा पोच घेतलेले अर्ज, माहिती अधिकाराचं उत्तर आणि ठरावाची प्रत कोणाकडे आहे हे शोधण्यात आठ दिवस गेले. आता हे सगळं ग्रंथालयात एका फाइलमध्ये असतं. सोबत एक वही असते. तिच्यात चार रकाने : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, काय झालं. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातला एकेक विद्यार्थी ती वही सांभाळतो, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. सध्या तिच्यात दुसऱ्या रस्त्यावरच्या दोन गावांचा अर्ज आहे. तिसरा रकाना भरलेला आहे, चौथा अजून मोकळा.